आठवं घर

१

नवरात्राची सहावी-सातवी माळ आली की माझ्या दुकानात गर्दी होते. एरवी धारूरच्या पेठेत बंदूक-मिस्तरीला कोण विचारतो? रानडुकरांच्या त्रासापायी परवाना काढलेले पाच-सहा शेतकरी, बँकेच्या दारातले रखवालदार, आणि निवडणूक लागली की हत्यार ठाण्यात जमा करण्याआधी 'मिस्तरी, जरा हात फिरवा' म्हणणारी पुढारी मंडळी. पण खंडेनवमीच्या पाटावर मांडायचं हत्यार चकचकीत लागतं, आणि गंज काढणारा या तालुक्यात दुसरा कुणी नाही. वडलांकडून मला दुकान आलं, परवाना आला आणि चिडका स्वभावही आला. तिन्ही अजून टिकून आहेत.

जुन्या हत्यारांचा मला नाद आहे. किल्लीच्या आकाराचं पिस्तूल मी उघडून पाहिलंय, चाकूच्या मुठीत नळी लपवलेलं पाहिलंय. पण बद्रीनाथ आबांच्या डबीची सर कशालाच नाही. घाटाच्या वरच्या अंगाला आबांचा मळा आहे. निजामाच्या राजवटीत कुठल्याशा जहागीरदाराने ती त्यांच्या वडलांना दिली, असं ते सांगतात. सव्वाशे वर्षांपूर्वी परदेशात बनलेलं हे पिस्तूल पिस्तुलासारखं दिसतच नाही. चुन्याची मोठी डबी असावी तसा गोल पोलादी डबा. एका बाजूला दोन बोटांच्या फटीतून डोकावेल एवढी नळी, दुसऱ्या बाजूला तळहाताने दाबायचा खटका. मुठीत धरली की कुणाला पत्ता लागत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, ते हिच्याइतकं कशालाच लागू नाही. पुण्याहून शौकीन लोक आले, फोटो काढून गेले, पण आबांनी ती कुणाला दिली नाही.

झाकण फिरवून काढलं की आत एक चकती असते आणि चकतीच्या कडेने आत गेलेली सात भोकं. एकेका भोकात एकेक काडतूस. त्यांना आम्ही घरं म्हणतो, गुंडीचं घर असतं तसं.

यंदा सातव्या माळेला आबांच्या ड्रायव्हरने डबी आणून दिली. सकाळचे अकरा वाजले असतील, दारातून ऊन थेट ओट्यावर येत होतं. मी चकती कापडावर घेतली, तारेला चिंधी गुंडाळली आणि एकेक घर पुसायला लागलो. पुसताना मी मनात वार म्हणतो. सोमवार, मंगळवार, बुधवार. सात घरं, सात वार, चुकायचं कामच नाही. वडलांनी लावलेली सवय आहे.

रविवार पुसून झाला आणि समोर एक घर शिल्लक राहिलं.

मी परत सोमवारपासून सुरू केलं. परत एक उरलं.

२

पन्नाशी ओलांडलेल्या माणसाने आधी स्वतःच्या डोळ्यांवर संशय घ्यावा. मी तेच केलं. चष्मा पुसला, चहा मागवला, चहा पिताना चकतीकडे बघितलं नाही. मग खडूने पहिल्या घरावर खूण केली आणि बोट ठेवत मोजलं. आठ.

वडलांची वही काढली. प्रत्येक जुन्या हत्याराचं ते चित्र काढून ठेवत. डबीच्या पानावर चकतीचं चित्र होतं, मोगऱ्याच्या फुलासारखं, आणि खाली त्यांच्या तिरप्या अक्षरात लिहिलेलं: 'घरं ७. मधलं अंतर सारखं.' चकतीची रुंदीही होती. मी कॅलिपर लावून मोजली, केसाचाही फरक नव्हता. घरांची तोंडंही पूर्वीइतकीच. टोपलीत सात आंबे मावत असताना आठवा कोंबला तर बाकीचे जरा तरी दबतील की नाही? इथं काहीच दबलं नव्हतं. सगळी घरं ऐसपैस बसलेली, जणू पहिल्यापासून आठच होती.

म्हणजे वडील चुकले आणि त्यांचं बघून मी तीस वर्षं चुकलो, असं मी स्वतःला सांगितलं. पटलं नाही, पण दुसरं सांगण्यासारखं काही नव्हतं.

मग मी तार आत घातली. खडूच्या खुणेपासून सात घरांत ती बोटाच्या पेराएवढी जाते आणि तळाला टेकते. आठव्यात ती पेरभर गेली, अजून गेली, तीन बोटं गेली. चकतीची रुंदीच तीन बोटं आहे. वीतभर तारेचा शेवटचा वाकडा हूक तेवढा माझ्या चिमटीत राहिला, तेव्हा मी थांबलो. पलीकडून ती कुठेही बाहेर आली नव्हती. हळूहळू ओढून घेतली. चिंधीला तेल नव्हतं. ती कोमट होती आणि तिला उदाचा वास येत होता.

नवरात्र चालू होतं, पेठेत दारोदार ऊद जळत होता, त्यामुळे वासाचं मला काही वाटून घ्यायचं कारण नव्हतं. मी झाकण लावलं आणि डबी कपाटात ठेवली. पण झाकण फिरवता फिरवता माझ्या तोंडून सहज एक शब्द निघून गेला. 'वाढली,' मी म्हणालो. आणि मग दिवसभर माझं कशात लक्ष लागलं नाही.

३

त्या शब्दाचं आता सांगायला पाहिजे. चार वर्षं तो माझ्या घशात अडकून आहे.

आमच्या धंद्यात हत्याराला 'रिकामं' म्हणत नाहीत. शेजाऱ्याचं भांडं आपण रिकामं परत देत नाही, चिमूटभर साखर तरी घालतो. तसंच ते. बांगडी फुटली की वाढली म्हणायचं, दुकान बंद केलं की वाढवलं म्हणायचं, आणि हत्यारातली गोळी काढून घेतली की हत्यार वाढवलं म्हणायचं. आबांच्या घरी खंडेनवमीला डबी भरल्या अंगाने पूजायची रीत होती. आपल्या वडलांच्या वेळच्या डब्यातलं एक जुनं काडतूस आबा स्वतःच्या हाताने आत घालत. पूजा झाली, दसरा झाला, की दुसऱ्या दिवशी डबी माझ्याकडे यायची. मी काडतूस काढायचो, म्हणजे डबी वाढवायचो. कायद्यात हे बसत नव्हतं. जुनी वस्तू म्हणून डबी ठेवायला आबांना मोकळीक होती, भरायला नव्हती. पण शंभर वर्षांचं काडतूस ते, फुसकंसुद्धा वाजणार नाही, असं आम्ही सगळेच म्हणायचो.

चार वर्षांपूर्वी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी डबी आली. दुकानात माणसं होती, मी ती तशीच ओट्यावर ठेवली. संध्याकाळी आबांचा ड्रायव्हर घाईघाईने आला, पाहुण्यांना दाखवायचीय म्हणाला, आणि मी फडक्यात बांधलेली डबी तशीच त्याच्या हातात दिली. उघडली नाही. उद्या-परवा बघू म्हटलं. नंतर मी दुकान आवरायला लागलो तेव्हा फोन वाजला. आबांची सून, वनमालावयनी. त्या एवढंच म्हणाल्या, "मिस्तरी, वाढवलंय का?"

मी म्हणालो, "हो वयनी, आत्ताच वाढवलं."

मी दुकानाचं बोललो. त्यांनी हत्याराचं विचारलं होतं. त्या घरातल्या बायका डबीला डबी म्हणत नाहीत, हत्याराचं नाव घ्यायचं नाही म्हणून 'ते' म्हणतात. 'वाढवली का' असं विचारलं असतं तर माझ्या डोक्यात प्रकाश पडला असता. 'वाढवलं' म्हणाल्या. दुकानही 'ते' आणि हत्यारही 'ते'. एवढ्या एका अक्षरावर माणूस गेला. त्यांचा नवरा अंगद, आबांचा एकुलता एक मुलगा. त्याने पाहुण्यांसमोर गमतीने डबी मुठीत धरून स्वतःच्या छातीशी नेली आणि म्हणाला, हे बघा, कुणाला कळतंय का हातात काय हाय ते. पाहुणे हसले. त्याने मूठ आवळली.

पण मला जे खातं ते हे नाही. चूक कुणाच्याही हातून होते. फौजदार चौकशीला आले तेव्हा वयनींचा जबाब झालेला होता: मी मिस्तरींना फोन करून विचारलं होतं, ते वाढवलं म्हणाले. फौजदारांनी मला विचारलं. मला तेव्हा सगळं कळलेलं होतं. पण भरलेली डबी न उघडता परत दिली हे कबूल केलं असतं तर परवाना गेला असता, दुकान गेलं असतं, कदाचित मी आत गेलो असतो. मी म्हणालो, "फोन आलता साहेब. दुकान बंद झालं का, एवढंच विचारलं त्यांनी."

एक शब्द फक्त बदलला. 'वाढवलं'च्या जागी 'बंद' घातला. डबी भरण्याची रीत उघडी पडू नये म्हणून घरच्यांनीही गोळीचं खोलात जाऊ दिलं नाही, घाईत डबी न वाढवताच गेली एवढंच धरलं. कागदावर अपघात म्हणून नोंद झाली, आणि सगळ्या गावाने धरून चालायला सुरुवात केली की बाईने विचारलंच नव्हतं, आता अंगावर आलं म्हणून मिस्तरीवर ढकलते. त्या दिवसापासून आबांनी सुनेच्या हातचं पाणी घेतलं नाही. काडतुसांचा डबा त्यांनी विहिरीत टाकला. डबी वर्षभराने कोर्टातून परत मिळाली, आणि आता ते ती तशीच, काही न घालता पूजतात. हत्याराचा काय दोष, म्हणतात.

४

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा स्वतः दुकानात आले. तहसीलला काम होतं, वाटेत थांबले. सत्तरी पार केलेला माणूस, पण पायरी चढताना कुणाचा हात धरत नाही. स्टुलावर बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि इकडचं तिकडचं बोलत राहिले. कापूस कसा आहे, पंचायत समितीत कोण उभं राहतंय, असलं. मग एकदम थांबले.

"दसरा झाला की वनमालाला कड्याला पाठवतो," ते म्हणाले. "माहेरी, तिच्या भावाकडं. कायमचं."

मी विचारलं, धनश्रीचं काय. धनश्री म्हणजे त्यांची नात, अंगदची मुलगी, यंदा सहावीत आहे.

"ती आमची हाय. ती कशाला जाईल?" आबा म्हणाले. मग खाली बघत म्हणाले, "चार वरीस तोंड बघितलं मिस्तरी. आता न्हाई बघवत. एक फोन करायला काय लागतं रे माणसाला? मी तिला पोरीवानी मानलं हुतं. लई इतबार हुता माझा."

माझ्या ओठांवर वाक्य तयार होतं. आबा, तिने फोन केला होता, तिने बरोबर विचारलं होतं. दहा-बारा शब्दांचं काम. तेवढ्यावर एक बाई आपल्या लेकराजवळ राहिली असती. मी हातातली कानस खाली ठेवली, उचलली, परत ठेवली.

"कावून गप झालास?" आबांनी विचारलं.

"काही न्हाई आबा. तेल संपलंय, ते आणायचं हाय," मी म्हणालो.

स्वतःची लाज वाटणं म्हणजे काय ते मला त्या वेळी नीट कळलं. कान तापले, आणि तरी तोंड मिटलेलंच राहिलं. आबा पायऱ्या उतरून गेले. गाडी वळेपर्यंत मी दारात उभा होतो.

मग कपाट उघडून डबी काढली. का काढली ते माहीत नाही. खाई त्याला खवखवे, म्हणतात. वार म्हणत मोजलं. रविवार झाला, नंतर सोमवार झाला, नंतर मंगळवार झाला. नऊ.

मी हसलो, मोठ्याने. पेठेतला समोरचा शिंपी वर बघायला लागला. माणसाला अपराध खात असला की त्याला काहीही दिसतं, हे मला ठाऊक आहे. चोराच्या मनात चांदणं. पण या वेळी मी मोजता मोजता खडूने प्रत्येक घरासमोर आकडा लिहिला होता, आणि नवव्या घरासमोर माझ्याच अक्षरात नऊ लिहिलेलं होतं. कॅलिपर लावला. चकतीची रुंदी तेवढीच.

५

त्याच दुपारी तीनच्या सुमाराला फोन आला. चार वर्षांत पहिल्यांदा. आवाज मी लगेच ओळखला.

"मिस्तरी, झालं का ते?"

त्यांनी तो शब्द टाळला होता. मी म्हणालो, झालंय वयनी, उद्या मी स्वतःच घेऊन येतो. त्या काही बोलल्या नाहीत. फोनही ठेवला नाही. मागे कुठेतरी गिरणी चालल्याचा आवाज येत होता, कुणीतरी गुरांना हाकत होतं, आणि त्या नुसत्या थांबलेल्या होत्या. मला वाटलं, या मला वेळ देतायत. मी घसा साफ केला. बोलायला तोंड उघडलं.

"उद्या सकाळी येतो," मी परत म्हणालो.

"बरं," त्या म्हणाल्या आणि फोन बंद झाला.

या वेळी मला मोजायची गरज वाटली नाही. तरी मोजलं. बुधवारपर्यंत गेलं.

दहावं घर नळीच्या जवळ होतं. मी चकती उचलून दाराकडे धरली, डोळ्याला घड्याळजीचं भिंग लावलं आणि आत बघितलं. खरं तर तळ दिसायला हवा, काळसर पोलादाचा एक ठिपका. त्याऐवजी उजेड दिसला. बाहेरच्या उन्हाचा नाही, संध्याकाळचा पिवळा उजेड, खोलीत दिवा लावल्यावर भिंतीवर पडतो तसा. मी भिंग जरा फिरवलं. एक भिंत होती. भिंतीशी पाट, पाटावर झेंडूची फुलं. आबांचं देवघर मी अनेकदा पाहिलंय, ते तसंच होतं, फक्त फार लांब आणि फार लहान.

पाटासमोर एक माणूस बसलेला होता. पाठमोरा. पांढरा सदरा, मानेवर नुकतीच केलेली कटिंग, उजवा हात मांडीवर आणि त्या हाताची मूठ झाकलेली. हालचाल नव्हती. कुणीतरी काहीतरी सांगणार आहे आणि सांगेपर्यंत उठायचं नाही, असं बसलेलं माणूस असतं ना, तसा तो बसला होता. मला त्याची भीती वाटली नाही आधी. वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. अंगदला मी लहानपणापासून ओळखत होतो, सायकलच्या छर्‍यांसाठी दुकानात यायचा.

मग त्याची मान थोडी वळली. कानाची पाळी दिसली, गालाची कड दिसली. मी अंगठा त्या घरावर दाबला आणि डोळे मिटून घेतले.

अंगठ्याच्या खाली काहीतरी मऊ, कोमट लागत होतं. थांबून थांबून लागत होतं, श्वासासारखं. मी चकती डबीत टाकली, झाकण आवळलं, आणि दुकान चार वाजताच बंद केलं. त्या दिवशी शिंप्याला मी 'दुकान वाढवलं' असं म्हणालो नाही. काहीच म्हणालो नाही.

६

खंडेनवमीला सकाळी आठ वाजता मी मळ्यावर गेलो. डबी फडक्यात होती. घराच्या ओसरीवर आबा बाजेवर बसले होते. धनश्री झेंडूची फुलं तोडायला शेताच्या कडेला गेली होती, तिचा आवाज येत होता. वनमालावयनी आत देवघरात पाट मांडत होत्या. मी आबांना म्हणालो, वयनींना बाहेर बोलवा, दोघांनाही सांगायचंय.

त्या दारात येऊन उभ्या राहिल्या. पदर डोक्यावर, हाताला हळद लागलेली. मी उभ्यानेच सांगितलं. डबी उघडली नव्हती ते सांगितलं. फोनवर काय विचारलं ते सांगितलं, मी काय म्हणालो ते सांगितलं, आणि फौजदारांसमोर कुठला शब्द बदलला तेही. बोलताना मला रडू आलं, ते मी पुसलं नाही. शेवटी म्हणालो, "आबा, त्यांची कायच चूक न्हाई. मला काय करायचं ते करा. पण त्यांना पाठवू नका."

आबांनी माझ्याकडे बघितलं. शिव्या देतील असं वाटलं. त्यांनी शिव्या दिल्या नाहीत. मान वळवून सुनेकडे बघितलं. चार वर्षांत त्यांनी तसं बघितलं नसावं.

"खरं हाय का, पोरी?"

"खरं हाय," वयनी म्हणाल्या.

आबांनी दोन्ही हातांनी तोंड पुसलं आणि म्हणाले, "पानी आन मला."

माझा जीव भांड्यात पडला. मनावरचा धोंडा उतरला असं मला वाटलं, आणि वयनी आत जातील, तांब्या घेऊन येतील, असंही वाटलं. त्या हलल्या नाहीत. त्या खाली फरशीकडे बघत होत्या.

"आबा, पण मला कळलं हुतं," त्या म्हणाल्या. आवाज शांत होता. "फोनमधी मिस्तरी कुणाला तरी म्हणत हुते, कुलूप हिकडं दे. फोन ठिवला आन् मला कळलं, हे दुकानाचं बोलले. परत लावावा म्हनलं. पाव्हने च्याला बसलेले. म्हनलं, पाव्हने गेले की लावते. आत भजी तळत हुते मी, आन् बाहेर ह्यांचा आवाज आला, हे बघा म्हनून. तवाबी जाता आलं असतं. चार पावलं हुती."

शेतात धनश्री कुणाला तरी हाका मारत होती.

"मग चार वरीस का न्हाई सांगितलं?" आबांनी विचारलं. हा प्रश्न त्यांनी मला का विचारला नाही, ते मला कधीच कळणार नाही.

"मिस्तरी खोटं बोलले," वयनी म्हणाल्या. "ते खोटं बोलत हुते तवर मी खरी हुते. माझ्यापाशी तेवढंच हुतं. त्यांनी कवा तरी सांगावं म्हनून मी वाट बघायचे, आन् सांगू नये म्हनूनबी वाट बघायचे." मग पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे बघितलं. "काल फोन केलता ना मी. लई थांबले."

त्या आत गेल्या, पाण्याचा तांब्या आणून आबांच्या बाजेपाशी ठेवला, आणि परत देवघरात गेल्या. आबांनी तांब्याकडे बघितलं. मी तिथे होतो तोवर त्यांनी तो उचलला नाही. थोड्या वेळाने म्हणाले, डबी घेऊन जा, परत आणू नको. आणि म्हणाले, परवा कड्याला गाडी जाईल.

मी फडकं उचललं. ओसरी उतरलो तेव्हा वयनी अंगणात तुळशीपाशी येऊन उभ्या होत्या. मी त्यांची क्षमा मागायला गेलो होतो, पण शब्द दुसरेच निघाले. मी विचारलं, वयनी, तुम्ही ती कधी उघडून बघितलीय का.

त्यांनी फडक्याकडे बघितलं. "दिसले का तुमाला?"

मी मान हलवली. "पाठमोरा हुता."

"पाठमोरे?" त्यांनी विचारलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर मला चक्क हेवा दिसला. "मला समोरून दिसत्यात."

डबी आता माझ्या कपाटात आहे. मी ती उघडत नाही. कपाट उघडलं की उदाचा वास येतो, म्हणून हल्ली तेही फारसं उघडत नाही. परवान्याचं काय व्हायचं ते होईल. फौजदारांकडे जाऊन मी सगळं लिहून दिलंय. लोक मला मोठ्या मनाचा म्हणतात. त्याचं मला हसू येतं. पहिल्या दिवशी मी एक शब्द खरा बोललो असतो, तर त्या दिवशी वयनीही बोलल्या असत्या, आणि रडून-भांडून, एकमेकांना शिव्या देऊन, तेराव्यापर्यंत सगळं संपलं असतं. आबांनी दोघांनाही पदरात घेतलं असतं. चार वर्षं मुरलेलं खोटं कुणी पदरात घेत नाही.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला आबांची गाडी पेठेतून गेली आणि माझ्या दुकानासमोर थांबली. वनमालावयनी पुढे बसल्या होत्या, मांडीवर कापडी पिशवी. मागची सीट मोकळी होती. मी पायऱ्या उतरून खिडकीपाशी गेलो. ड्रायव्हरने गिअर टाकला तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघितलं.

आमच्याकडे निघताना बाईमाणूस 'येते' म्हणतं. सासरहून माहेरी, माहेराहून सासरी, दवाखान्यात न्यायला लागलं तरी 'येते' म्हणतं.

"जाते, मिस्तरी," वयनी म्हणाल्या.

मी सवयीने "या" म्हणालो, पण तोवर काच वर गेली होती.